तुर्क, इराणी की अफगाण? गझनवी घराण्याची ओळख कशी वाचायची

1027-28 च्या सुमाराला महमूदपूरच्या, म्हणजे बहुतेक अभ्यासकांच्या मते लाहोरच्या, टांकसाळीत पाडलेलं एक चांदीचं नाणं आहे. एका बाजूला अरबीत कलमा आणि सुलतानाचं नाव. उलट बाजूला शारदा लिपीत, संस्कृतात लिहिलंय: 'अव्यक्तमेकं मुहम्मद अवतार नृपति महमूद'.

मराठी वाचकाला हे कोश न उघडता कळतं, म्हणून जरा थांबून पाहू. 'अल्लाशिवाय देव नाही' याचं भाषांतर करणाऱ्याने 'अव्यक्त एक' असं केलंय. 'रसूल' म्हणजे प्रेषित; त्याला संस्कृतात नेमका शब्द सापडेना, म्हणून 'अवतार' वापरला. कडेच्या गोल मजकुरात 'बिस्मिल्ला'साठी 'अव्यक्तीय नामे' आहे, दिरहमला 'टंक' म्हटलंय आणि हिजरी 418 या सालाला सरळ 'संवत' जोडून टाकलाय. हा 'नृपति महमूद' म्हणजे गझनीचा महमूद. जानेवारी 1026 मध्ये त्याने सोमनाथ लुटलं, आणि त्यानंतर दोन-अडीच वर्षांच्या आत हे नाणं पडलं.

मग हा माणूस, आणि 977 पासून 1186 पर्यंत टिकलेलं त्याचं घराणं, नेमकं कोण? तुर्कस्तानच्या राष्ट्राध्यक्षांच्या मुद्रेवर सोळा तारे आहेत, सोळा 'तुर्की साम्राज्यां'चे. त्यांत एक गझनवींचा. पाकिस्तानने एका क्षेपणास्त्राला 'गझनवी' नाव दिलंय. फारसी साहित्याचा इतिहास गझनीच्या दरबाराशिवाय लिहिता येत नाही. गझनी शहर आज अफगाणिस्तानात आहे. आणि आपल्याकडे गझनीचा महमूद आणि महंमद घोरी यांची सर्रास गल्लत होते. दोघांत दीडशे वर्षांहून जास्त अंतर आहे, आणि घोरी तर तुर्क नव्हतेच. ते घोरच्या डोंगरातलं स्थानिक इराणी घराणं. गझनवींची सत्ता शेवटी संपवली ती त्यांनीच.

'तुर्क की इराणी' असा एकच प्रश्न विचारला की उत्तर हमखास चुकतं. कुळ, घरची बोली, कागदावरची भाषा, धर्म, सांगितलेली वंशावळ आणि शेजाऱ्यांनी ठेवलेलं नाव या सगळ्या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. गझनवींच्या बाबतीत त्यांची उत्तरंही वेगवेगळी येतात.

कुळाचं उत्तर सोपं आहे. घराण्याचा मूळ पुरुष सबुक्तगीन. जन्म साधारण 942 चा, गाव बरसखान, आजच्या किरगिझस्तानातल्या इसिक-कुल सरोवराच्या काठचं. टोळ्यांच्या लढाईत तो पोरवयात पकडला गेला, गुलाम म्हणून विकला गेला आणि अल्पतगीन नावाच्या सेनापतीच्या पदरी आला. अल्पतगीनही मूळचा तुर्क गुलामच, पण बुखाऱ्याच्या सामानी राजांच्या चाकरीत चढत खुरासानचा, म्हणजे ईशान्य इराण आणि आसपासच्या प्रांताचा, सेनापती झालेला. सामानी राजे स्वतः इराणी. 961 मध्ये बुखाऱ्याच्या गादीच्या भांडणात अल्पतगीनची बाजू हरली. तो आपली माणसं घेऊन दक्षिणेला निघाला आणि 962 मध्ये त्याने गझनी घेतली. त्याच्यामागे तीन-चार माणसं गादीवर येऊन गेली. 977 मध्ये तिथल्या तुर्क सैनिकांनी सबुक्तगीनला पुढारी निवडलं.

सबुक्तगीनने स्वतःला राजा म्हणवलं नाही. नाण्यांवर तो सामानी राजाचं नाव धनी म्हणून घालत राहिला. गझनीतल्या त्याच्या थडग्यावरही पदवी आहे 'अल-हाजिब अल-अजल्ल', म्हणजे थोर हाजिब. हाजिब हा दरबारातला वरिष्ठ चाकर. एका राज्याचा संस्थापक थडग्यातही चाकराची पदवी लावून निजलाय.

अशा तुर्क गुलाम पोरांना वाढवायची पद्धत पाहिली की गझनवींचं तुर्कपण कोणत्या जातीचं होतं ते उलगडतं. पुढे इराणवर राज्य केलेल्या सेल्जुक तुर्कांचा वजीर निजाम-उल-मुल्क याने अकराव्या शतकाच्या अखेरीस सामानींच्या काळचा शिरस्ता लिहून ठेवलाय. गुलाम विकत घेतला की पहिलं वर्ष त्याने सुती जाडंभरडं कापड नेसून धन्याच्या घोड्याबरोबर पायी चालायचं; लपूनछपून घोड्यावर बसला तर शिक्षा. दुसऱ्या वर्षी कच्च्या चामड्याचं खोगीर घातलेलं लहानसं तुर्की घोडं. तिसऱ्या वर्षी पट्टा, पाचव्या वर्षी चांगलं खोगीर आणि चांदण्या जडवलेला लगाम. सातव्या वर्षी एकच शेंडा असलेला, सोळा खुंट्यांचा तंबू आणि हाताखाली नुकतेच विकत घेतलेले तीन गुलाम. वयाची पस्तिशी होईपर्यंत त्याला प्रांताची अमिरी नाही. प्रत्यक्षात हे इतकं शिस्तीत चालत नसणार. निजाम-उल-मुल्क आपल्या धन्याला आदर्श रंगवून दाखवत होता. पण मुद्दा खरा आहे. पोर टोळीपासून तोडलं जायचं. आईबाप नाहीत, भाऊबंद नाहीत, टोळीचे देव नाहीत. उरायची ती बोली, तीरंदाजी, घोडा आणि नाव. निष्ठा सगळी धन्यावर.

म्हणून गझनवी तुर्क होते, पण टोळीविना तुर्क. त्यांच्याच शतकातले सेल्जुक याच्या नेमके उलटे. ते ओगुझ तुर्कांच्या किनिक शाखेचे, बायकापोरं आणि मेंढ्यांचे कळप घेऊन आख्खी टोळीच खुरासानात उतरली. गझनवींच्या कागदांत त्यांना 'तुर्कमान' म्हटलंय, आणि त्या शब्दात शहरी माणसाची भटक्यांविषयीची नाराजी उघड दिसते. 23 मे 1040 रोजी मर्वजवळ दंदानकानला महमूदचा मुलगा मसूद या 'तुर्कमानां'कडून हरला आणि खुरासान कायमचं गेलं. तुर्क विरुद्ध तुर्क अशी ही लढाई. मसूदचे काही गुलाम ऐन रणात पलीकडे गेले. रक्ताचं नातं त्यांना खेचून घेऊन गेलं असं म्हणायचा मोह होतो. पण उपाशी, तहानलेली फौज आणि संतापलेले सरदार एवढं कारण पुरेसं होतं.

आता बोली. छावणीत तुर्की चालायची. मसूदच्या दरबारचा कारकून-इतिहासकार बैहकी याच्या वृत्तांतात सरदार आणि गुलाम तुर्कीत बोलल्याचे उल्लेख येतात. त्याच दरबारचा कवी मनुचेहरी एका पद्यात म्हणतो, तुर्की कविता म्हण, गुझ्झी (ओगुझ तुर्कांची) कविताही म्हण. म्हणजे तुर्की गाणी कानावर होती. पण ती लिहून ठेवावीत असं गझनीत कुणाला वाटलं नाही. त्या दरबारातून तुर्की भाषेतलं एकही पुस्तक आपल्यापर्यंत पोचलेलं नाही. तुर्की तेव्हा लिहिण्याजोगी नव्हती म्हणावं, तर तेही खरं नाही. ईशान्येला काराखानी तुर्कांच्या राज्यात 1069-70 मध्ये बलासागुनच्या युसूफने 'कुतद्गु बिलिग' हा राजनीतीवरचा मोठा तुर्की काव्यग्रंथ पुरा केला. त्याच सुमाराला काशगरच्या महमूदने तुर्की शब्दांचा कोश रचायला घेतला. काराखानी आपली टोळी, आपली भूमी आणि आपली बोली घेऊन मुसलमान झाले होते. गझनवींजवळ यातलं बोलीखेरीज काही उरलं नव्हतं.

दफ्तरात मात्र तुर्कीला दारच नव्हतं. सामानी राज्यातल्या कारकुनांची घराणी गझनीत आली आणि आपली पद्धत सोबत घेऊन आली. पाच मोठी खाती: वजिराचं महसूल खातं, पत्रव्यवहाराचं 'दिवाण-ए-रिसालत', फौजेचं 'दिवाण-ए-अर्ज', हेरांचं खातं आणि राजवाड्याच्या खर्चाचं खातं. माणसं बहुतेक खुरासानी इराणी. इथेही एक गमतीची ओढाताण झाली. महमूदचा पहिला वजीर इस्फराइनी याने दफ्तराची भाषा अरबीवरून फारसी केली. पुढचा वजीर मैमंदी याने ती पुन्हा अरबी केली. दोघेही इराणी, भांडण इराणी आणि अरबी लेखणीमधलं, आणि तुर्क सुलतान ज्याच्या राज्यात हे चाललं त्याची मातृभाषा या वादात कुठेच नाही. पुढे फारसीच जिंकली.

महाराष्ट्राचा या प्रकरणाशी संबंध इथे येतो. गझनीचा हा साचा, म्हणजे लष्करात तुर्क आणि कागदावर फारसी, लाहोरहून दिल्लीला आणि दिल्लीहून दौलताबाद-बिदरला आला. त्यामुळे सरदार, दप्तर, दरबार, फर्मान, जमीन, बाजार हे मराठीतले शब्द फारसी आहेत. तुर्कीतून आलेले शब्द मोजकेच, आणि बरेचसे छावणी आणि जनानखान्याच्या वासाचे: खान, बेगम, तोफ. कैचीसुद्धा. दोनशे-तीनशे वर्षं तुर्क वंशाचे लोक दख्खनच्या राजकारणात असूनही असं झालं. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला तेव्हा संस्कृत पर्याय शोधावे लागले ते मुख्यतः फारसी-अरबी शब्दांना.

पुन्हा गझनीकडे. साहित्याच्या दालनात उन्सुरी, फर्रुखी, मनुचेहरी असे एकाहून एक फारसी कवी. फिर्दौसीने 1010 मध्ये शाहनामा, म्हणजे इराणच्या जुन्या राजांचं फारसी महाकाव्य, पुरा करून महमूदला अर्पण केला. त्याच्या मोबदल्याच्या दंतकथा इथे बाजूला ठेवू. शाहनाम्याचा गाभा म्हणजे इराण विरुद्ध तूरान. फिर्दौसीच्या काळापर्यंत तूरानी म्हणजे तुर्क असं समीकरण पक्कं झालं होतं आणि तूरानचा राजा अफरासियाब हा त्या काव्यातला मोठा शत्रू. असं काव्य एका तुर्क सुलतानाला अर्पण होतं! कवींच्या भाषेत तर 'तुर्क' म्हणजे गोरा, देखणा, निर्दय प्रियकर. मद्य ओतणाऱ्या गुलाम पोरांवरून आलेली ती उपमा. सुलतान सिंहासनावर बसून स्वतःच्या जातीचं नाव असं विशेषण म्हणून ऐकत होता आणि बक्षिसं देत होता.

वंशावळीचं प्रकरण सगळ्यांत बोलकं आहे. तेराव्या शतकात दिल्लीत लिहिणारा मिन्हाज जुजजानी एका जुन्या ग्रंथाच्या आधारे गझनवींची वंशावळ देतो. तीत सबुक्तगीन थेट इराणचा शेवटचा सासानी सम्राट यज्दगिर्द तिसरा याचा वंशज ठरतो. अशी वंशावळ हाती आली की आधी पिढ्या मोजाव्यात. यज्दगिर्द 651 मध्ये मारला गेला, सबुक्तगीन 942 च्या सुमाराचा. अंतर सुमारे 290 वर्षं. एका पिढीला 25 ते 30 वर्षं धरली तर मध्ये दहा-अकरा नावं हवीत. इथे जेमतेम पाच-सहा आहेत. शिवाय मधली नावं पाहा: कारा अर्सलान, कारा नोमान. 'कारा' हा तुर्की शब्द, अर्थ काळा. सासानी राजपुत्राच्या पोरानातवांना तुर्की नावं कशी, याचं स्पष्टीकरण म्हणून राजकुटुंब तुर्कस्तानात पळून गेलं आणि तिथेच सोयरिकी झाल्या असं सांगितलं जातं. गणित जमत नाही. वंशावळ रचलेली आहे.

पण रचलेली म्हणून ती फेकून द्यायची नाही. लोक कोणाचे वंशज *होऊ पाहतात* हे तीच सांगते. आता तिच्या शेजारी काराखान्यांचा दावा ठेवा. ते स्वतःला 'आल-ए-अफरासियाब', अफरासियाबाचं कुळ, म्हणवत. दोन तुर्क घराणी, एकाच काळातली, एकमेकांची शेजारी. एकाने इराणी कथेतल्या सम्राटांचा वंश घेतला, दुसऱ्याने त्याच कथेतल्या शत्रूचा. तुर्क म्हणून अभिमान मिरवायचा तोही इराणी कथेतलं पात्र होऊन! माझ्या मते गझनवींच्या, आणि एकंदर त्या शतकातल्या तुर्क राजवटींच्या, ओळखीबद्दल याहून नेमका पुरावा नाही. शाहनामा ही तेव्हा राजेपणाची भाषा होती. तिच्याबाहेर उभं राहून राजा होता येत नव्हतं.

नावांचा क्रमही लावून पाहा, घरबसल्या करता येण्यासारखं आहे. अल्पतगीन म्हणजे शूर राजपुत्र, सबुक्तगीन म्हणजे लाडका राजपुत्र: दोन्ही निखळ तुर्की. पुढची पिढी महमूद, मग मसूद, मौदूद, इब्राहीम: अरबी, मुसलमानी. बाराव्या शतकात शीरजाद, बहराम शाह, खुसरो शाह, खुसरो मलिक: इराणी सम्राटांच्या कथांतून उचललेली. दोनशे वर्षांचा प्रवास नावांतच दिसतो. मात्र रेघ सरळ नाही. मध्येच 1116 मध्ये अर्सलान शाह येतो. अर्धं नाव तुर्की, 'सिंह', आणि अर्धं फारसी. अल्तुनताश, बेगतुग्दी, सुबाशी अशी तुर्की नावं सरदारांत राहिली, कारण तिथे बाजारातून नवे तुर्क गुलाम येतच होते. राजघराण्याची ओळख बदलली तरी फौजेची दर पिढीला ताजी होत राहिली.

आईकडची बाजू लोक विसरतात. महमूदची आई झाबुलिस्तानच्या, म्हणजे गझनीच्या परिसरातल्या, एका स्थानिक सरदाराची मुलगी. म्हणून कवी त्याला 'महमूद-ए-झावुली' म्हणतात. म्हणजे रक्त मोजायचंच ठरवलं तर दुसऱ्याच पिढीत ते अर्धं स्थानिक झालं होतं. यावरून महमूदला 'अफगाण' म्हणणं मात्र चूक. त्या काळच्या ग्रंथांत 'अफगाण' म्हणजे सुलेमान पर्वताकडच्या टोळ्या. महमूद त्यांच्यावर स्वाऱ्याही करायचा आणि त्यांना फौजेतही घ्यायचा. तसंच 'तुर्क' ऐकून आजचा तुर्कस्तान डोळ्यांपुढे आणू नये. अनातोलियाची दारं तुर्कांना खऱ्या अर्थाने उघडली ती 1071 च्या मंझिकर्टच्या लढाईनंतर. महमूद 1030 मध्येच वारला होता.

फौज एकजात तुर्क नव्हती. राजवाड्याचे सुमारे 4,000 तुर्क गुलाम हा कणा. भोवती हिंदू, दैलमी (कास्पियन समुद्राकाठचे डोंगरी लोक), अरब, कुर्द आणि अफगाण. हे मुद्दाम केलेलं. एका गटाने बंड केलं तर दुसरा हाताशी असावा हा हिशोब. तो कामी आल्याचं उदाहरण बैहकीने सविस्तर दिलंय. लाहोरला नेमलेला तुर्क सेनापती अहमद निनालतगीन बनारसपर्यंत लूट करून आला आणि 1033 च्या सुमाराला त्याने बंड केलं. त्याला आवरायला मसूदने टिळक नावाच्या हिंदू सेनापतीला पाठवलं. हा टिळक न्हाव्याचा मुलगा; देखणा, बोलण्यात चतुर, हिंदवी आणि फारसी दोन्ही सुंदर लिहिणारा, मैमंदी वजिराचा चिटणीस आणि दुभाषा म्हणून वर चढलेला. त्याने फितुरी करवून निनालतगीनची माणसं फोडली, जाटांनी पळणाऱ्याला गाठलं, आणि तुर्क सेनापतीचं मुंडकं टिळकाने सुलतानाकडे पाठवलं. 'तुर्क विरुद्ध हिंदू' या चौकटीत ही घटना बसवून पाहा, बसत नाही. म्हणून सोमनाथ-मथुरेची लूट खोटी ठरत नाही. तीही झाली, आणि महमूदने ती खलिफाला धर्मकार्य म्हणूनच कळवली.

धर्म हे गझनवींच्या ओळखीतलं सर्वांत ठळक अक्षर, कारण ते त्यांनी स्वतः निवडून गिरवलं. गुलामाच्या मुलाला वंशाची प्रतिष्ठा नाही, टोळीचा पाठिंबा नाही. राज्य करायचा हक्क कुठून आणायचा? 999 मध्ये बगदादच्या खलिफाने महमूदला 'यमीन-उद-दौला' ही पदवी दिली आणि हा प्रश्न सुटला. सुन्नीपण इतकं कडवं की त्याने मुलतानच्या इस्माइली मुसलमानांवर आणि 1029 मध्ये रैच्या (आजच्या तेहरानजवळच्या) शिया बुवैही राजांवरही तलवार चालवली.

शेजाऱ्यांनी काय म्हटलं? भारतातल्या संस्कृत लेखांत त्यांना 'तुरुष्क' म्हणजे वंशाचं नाव, किंवा 'हम्मीर' म्हणजे 'अमीर' या पदवीचं संस्कृत रूप, अशी दोन नावं आहेत. 'हम्मीर' तर इतका रुळला की पुढे राजपुतांनी मुलांना तेच नाव ठेवलं. 1301 मध्ये अलाउद्दीन खिलजीशी लढताना पडलेला रणथंभोरचा चौहान राजा हम्मीरदेव तो हाच शब्द नावात वागवत होता.

दुसऱ्या बाजूने पाहणारा गझनीतच होता. विद्वान अल-बिरुनी ख्वारज्मचा, म्हणजे अरल समुद्राच्या दक्षिणेकडच्या प्रदेशातला, 1017 मध्ये महमूदने ते राज्य घेतल्यावर गझनीला आणला गेला. मातृभाषा ख्वारज्मी, लेखन अरबीत. फारसीत स्तुती ऐकण्यापेक्षा अरबीत निंदा ऐकलेली बरी, असं त्याने लिहून ठेवलंय. 1030 च्या सुमाराला पुऱ्या केलेल्या भारतावरच्या ग्रंथात तो धारेहून दक्षिणेला जाणाऱ्या वाटेवर 'मऱ्हाठदेश' नोंदवतो, पुढे कोकण आणि त्याची समुद्रकाठची राजधानी ठाणे, मधली अंतरं फरसख या इराणी मापात देऊन. तुर्क सुलतानाच्या दरबारात, ख्वारज्मी माणसाने, अरबीत लिहिलेलं ठाणे.

दगडात आणि भिंतीवरही हीच सरमिसळ आहे. हेलमंदकाठच्या लश्करी बाजारच्या राजवाड्यात फ्रेंच उत्खननात रक्षकांची रंगीत चित्रं सापडली: तुर्की पद्धतीचे अंगरखे आणि लोंबत्या पट्ट्यांचे कमरबंद घातलेले उभे शिपाई. गझनीत मसूद तिसऱ्याच्या वाड्यात इटालियन उत्खननात संगमरवरी फरशा सापडल्या. भिंतीच्या खालच्या भागात ओळीने बसवलेल्या त्या फरशांवर फुलापानांच्या कूफी या जुन्या कोनदार अरबी लिपीत काव्य कोरलंय. लिपी कुराणाची, काव्य फारसी, वंश तुर्क.

1150 च्या सुमाराला घोरी राजा अलाउद्दीनने गझनी जाळली. त्याच्या थोडंच आधी, बहराम शाहच्या काळात, तिथे नसरुल्ला मुन्शीने एका अरबी पुस्तकाचं फारसी भाषांतर केलं होतं. ते अरबी पुस्तक पहलवीवरून, म्हणजे जुन्या फारसीवरून, आलेलं, आणि पहलवी आपल्या पंचतंत्रावरून. पुढे घराणं लाहोरला हललं. महमूदनंतरच्या सुलतानांची लाहोरची हलकी नाणी अजूनही सापडतात: एका बाजूला अरबीत सुलतानाचं नाव, दुसऱ्या बाजूला बसलेला नंदी आणि वर नागरीच्या जवळच्या लिपीत 'श्री समंतदेव', म्हणजे ज्यांचं राज्य सबुक्तगीन-महमूदने बुडवलं त्या हिंदूशाही राजांच्या नाण्यावरचा छाप. बाजारात लोक तेच नाणं ओळखत होते, म्हणून टांकसाळीने तो छाप तसाच ठेवला.